करमणूक कर

२७ ऑक्टोबर २०१३. ग्रेटर नोएडाचं बुद्ध इंटरनॅशनल सर्किट. सेबास्टियन वेटेलने शर्यत जिंकली आणि त्याच फटक्यात सलग चौथं जगज्जेतेपदही. नियम असा की शर्यत संपली की गाडी सरळ तपासणीच्या जागी न्यायची. वेटेलने ती मुख्य स्टँडसमोर थांबवली. जागच्या जागी गरगर फिरवली, टायरच्या धुराने रस्ता भरून टाकला, खाली उतरून गाडीसमोर गुडघे टेकले, मग जाळीवर चढून हातमोजे प्रेक्षकांत फेकले. स्टँड वेडा झाला. पंचांनी वेटेलला समज दिली आणि रेड बुल संघाला २५ हजार युरो दंड ठोकला.

आता दुसरं दफ्तर उघडू. २००९ मध्ये या शर्यतीची फी परदेशात पाठवायची परवानगी आयोजकांनी मागितली, तेव्हा केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने नकार दिला. कारण काय, तर हा खेळ नाही, ही व्यावसायिक करमणूक आहे. पुढे उत्तर प्रदेशात करमणूक कराचा वाद पेटला आणि २०११च्या पहिल्या शर्यतीआधी सर्वोच्च न्यायालयाने तिकीटविक्रीतली २५ टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवायला सांगितली.

म्हणजे बघा, सरकार म्हणतं ही निव्वळ करमणूक आहे, कर भरा. आणि पंच म्हणतात करमणूक केलीस, दंड भर. फॉर्म्युला वनचा गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत मावतो. प्रेक्षकाला मजा यावी म्हणून या खेळाने काय काय केलं, त्यातलं काय टिकलं आणि काय हसं होऊन गेलं, हे क्रमाने पाहिलं तर एक गोष्ट स्पष्ट दिसते. ती शेवटी सांगतो. आधी इतिहास.

पटावर काय बघतो आपण?

इंजिनांकडे जाण्याआधी बैलांकडे जाऊ. मी कळमेश्वरचा. आमच्या विदर्भात बैलजोड्यांच्या शर्यतीला शंकरपट म्हणतात. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा पट सगळ्यांना ठाऊक आहे. पिकं घरात आली की हिवाळ्यात पट भरतात. जोडी सुटते, धुरकरी मागे जीव मुठीत धरून असतो, आणि काही सेकंदांत सगळं संपतं. पश्चिम महाराष्ट्रात पद्धत वेगळी. तिथे चार-पाच गाड्या एकदम सुटतात, गटातला पहिला सेमीत जातो, सेमीतला फायनलला.

दोन्हीकडे प्रेक्षकाला तीन गोष्टी मिळतात. कोण पुढे आहे ते डोळ्यांना दिसतं. का पुढे आहे तेही बऱ्यापैकी कळतं, कारण बैल आणि जमीन दोन्ही त्याच्या ओळखीची असतात. आणि निकाल आधी ठरलेला नाही, याची खात्री असते. एवढं असेल तर काही सेकंदांच्या धावेसाठी माणूस दिवसभर उन्हात उभा राहतो.

फॉर्म्युला वनमध्ये दोन तासांची शर्यत असून लोक कंटाळतात, तेव्हा या तीनपैकी काहीतरी हरवलेलं असतं.

हवेने केलेला घात

१९७१ची इटलीतली मोंझाची शर्यत बघा. पीटर गेथिन जिंकला तो सेकंदाच्या शंभराव्या भागाने. पहिले पाच जण ०.६१ सेकंदात आले. कारण साधं होतं. मोंझाचे रस्ते लांब आणि सरळ, आणि पुढच्या गाडीने फाडलेल्या हवेत मागची गाडी कमी ताकदीत जास्त पळते. सायकलवाला ट्रकच्या मागे राहून पळतो, तसंच. त्यामुळे पुढे जाणारा लगेच मागे पडायचा आणि मागचा पुढे यायचा.

पण या मजेची किंमत होती. आदल्याच वर्षी याच मोंझावर योखेन रिंट सरावात मेला. त्याने त्याआधी इतके गुण कमावले होते की मृत्यूनंतर तो जगज्जेता ठरला. १९७२ मध्ये मोंझाच्या सरळ रस्त्यांवर वेग मोडणारी वळणं घातली गेली आणि तशी शर्यत पुन्हा झाली नाही. ती वळणं घालणं योग्यच होतं.

दरम्यान १९६८ पासून गाड्यांना पंख लागले होते. विमानाचा पंख विमान वर उचलतो, रेसगाडीचा उलटा पंख गाडी रस्त्यावर दाबतो. दाब जास्त तर वळणावर वेग जास्त. पुढे लोटसने गाडीच्या पोटाखालूनच हवा खेचून आणखी दाब मिळवला. १९८३ मध्ये सपाट तळाची सक्ती करून ते बंद पाडलं गेलं, पण पंख वाढतच गेले.

इथेच गोम आहे. पंखाला स्वच्छ हवा लागते. पुढच्या गाडीने घुसळलेल्या हवेत मागच्या गाडीचा दाब जातो, ती वळणावर घसरते, टायर तापतात, अंतर वाढतं. मोंझात जी हवा मागच्याची मैत्रीण होती, तीच आता त्याची वैरी झाली. गाड्या एकामागे एक, मुंग्यांसारख्या. इंजिनिअरांनी प्रत्येक गाडी उत्तम केली आणि त्या नादात शर्यत बिघडली. कुणाची चूक म्हणायची? प्रत्येक जण आपलं काम चोख करत होता.

आगीशी खेळ

रोगाचं मूळ हवेत, पण औषध दुसरीकडेच लावलं गेलं. १९८४ पासून बंद असलेलं शर्यतीच्या मध्येच इंधन भरणं १९९४ मध्ये परत आणलं. कल्पना अशी की कमीजास्त इंधनामुळे डावपेच वाढतील, खेळ रंगेल. त्याच वर्षी ३१ जुलैला जर्मनीत होकेनहाइमला इंधन भरताना योस वर्स्टापेनची गाडी भडकली. काही सेकंद गाडी आणि भोवतीची माणसं ज्वाळांत दिसेनाशी झाली. योस आणि काही मेकॅनिक भाजले, पण वाचले. हे नाव लक्षात ठेवा, त्याचा मुलगा पुढे येणार आहे.

इंधनाने डावपेच वाढले हे खरं, पण ते संगणकाच्या पडद्यावर. रस्त्यावर जोखीम घेऊन पुढे जाण्यापेक्षा 'थांब, तो पिटमध्ये गेला की दोन लॅप जोरात मार' हे स्वस्त पडू लागलं. म्हणजे कोण पुढे आहे ते दिसत होतं, का पुढे गेला ते दिसत नव्हतं. २०१० मध्ये इंधन भरणं पुन्हा बंद झालं.

निकाल नको, शर्यत दुरुस्त करा

२००२ मध्ये मायकेल शूमाखरने १७ पैकी ११व्याच शर्यतीत, जुलैमध्ये, जगज्जेतेपद संपवून टाकलं. उरलेला हंगाम कोण बघणार? लगेच २००३ मध्ये गुण बदलले. दुसऱ्या क्रमांकाला ६ ऐवजी ८ गुण, म्हणजे जिंकणारा फार पुढे पळू नये. पात्रता फेरी बदलली, एका वेळी एकच गाडी. २००५ मध्ये शर्यतीत टायर बदलायला बंदी आली. त्याच वर्षी अमेरिकेत इंडियानापोलिसला मिशलिनचे टायर धोकादायक ठरले, १४ गाड्या सुरुवातीआधीच आत गेल्या आणि प्रेक्षकांसमोर सहा गाड्या धावल्या.

या धडपडीतून एक चांगली गोष्ट निघाली. २००६ मध्ये पात्रतेच्या तीन फेऱ्या आल्या. हळू असलेले गळत जातात आणि शेवटी दहा जण पहिल्या जागेसाठी झुंजतात. गट, सेमी, फायनल. आपल्या बैलगाडा शर्यतीच्या माणसाला ही रचना समजावून सांगावी लागली नसती. ती आजही टिकून आहे.

टिकली ती का? कारण तिने कुणाला वरदान दिलं नाही की शिक्षा केली नाही. जो वेगवान, तोच पहिला. फक्त वेगवान कोण हे कळायची वाट उत्कंठेची झाली.

हे न कळल्याचं उदाहरण पुढे दहा वर्षांनी मिळालं. २०१६ मध्ये कुणीतरी ठरवलं की दर ९० सेकंदांनी सर्वांत हळू माणूस बाद करायचा. कागदावर झकास. मेलबर्नला प्रत्यक्षात काय झालं? गणित करून संघांनी गाड्या आधीच आत नेल्या, ड्रायव्हर उतरले, आणि पहिली जागा कुणाची हे ठरायच्या थरारक क्षणी रस्ता रिकामा होता. पुढच्या बहारीनच्या शर्यतीतही तोच प्रकार आणि चीनपासून जुनी पद्धत परत. आमच्या धंद्यात याला टेस्टिंग न करता थेट प्रॉडक्शनवर टाकणं म्हणतात. शुक्रवारी संध्याकाळी.

एक बटण आणि मऊ टायर

२०१०ची अबुधाबीची शेवटची शर्यत. फर्नांडो अलोन्सोला जगज्जेता व्हायला चौथा क्रमांक पुरेसा होता. तो व्हिताली पेत्रोव्हच्या मागे अडकला आणि लॅपमागून लॅप अडकूनच राहिला. गाडी वेगवान, तरी पुढे जाता येईना. सातवा आला, विजेतेपद वेटेलकडे गेलं. घुसळलेल्या हवेचा इतका जाहीर पंचनामा आधी झाला नव्हता.

२०११ मध्ये डीआरएस आलं. ठरलेल्या जागी तुम्ही पुढच्यापेक्षा एका सेकंदाच्या आत असाल तर मागच्या पंखाची फळी उघडायची, हवेचा अडथळा कमी, वेग जास्त. पुढच्याला हा हक्क नव्हता. सोबत पिरेली कंपनीला सांगितलं गेलं की टायर लवकर झिजणारे बनवा. टायर बनवणाऱ्याला 'खराब होणारे बनव' म्हणणारा गिऱ्हाईक जगात हाच असावा. २०१२ मध्ये पहिल्या सात शर्यतींत सात वेगवेगळे विजेते निघाले. २०१३ मध्ये सिल्व्हरस्टोनला भर शर्यतीत टायर फुटू लागले, तेव्हा हे किती ताणायचं तेही कळलं.

डीआरएसवर भांडणं खूप झाली. मला ते औषध वाटत नाही, वेदनाशामक गोळी वाटते. पण एक मान्य करावं लागेल, नियम सगळ्यांना सारखा होता आणि आधीपासून माहीत होता.

त्याच काळात इतर कल्पनाही येत होत्या. फॉर्म्युला वनचे कारभारी बर्नी एक्लस्टन यांनी फवारे लावून कृत्रिम पाऊस पाडायची सूचना केली. २०१४ मध्ये शेवटच्या शर्यतीला दुप्पट गुण ठेवले, लोक इतके चिडले की एका हंगामात ते गेले. नव्या हायब्रिड इंजिनांचा आवाज बसका म्हणून मर्सिडीजने बार्सिलोनाला सायलेन्सरला चक्क कर्ण्यासारखा भोंगा लावून पाहिला. लग्नातल्या बँडवाल्याने हसावं असा प्रकार. आवाज काही वाढला नाही.

माइक हातात असलेला माणूस

२०१७च्या सुरुवातीला अमेरिकेच्या लिबर्टी मीडियाने हा खेळ विकत घेतला. २०१९ मध्ये नेटफ्लिक्सवर 'ड्राइव्ह टू सर्व्हाइव्ह' आलं. माझ्या वयाचे कितीतरी मित्र शर्यतीतून मालिकेकडे नाही, मालिकेतून शर्यतीकडे आले. जुने चाहते नाकं मुरडतात. मला त्यात वावगं दिसत नाही. बैलगाड्यांच्या मैदानावर माइकवरचा निवेदक हेच तर करतो. बैल कुठल्या गावचा, मालक कोण, मागच्या मैदानात कुणाला पाणी पाजलं, हे त्याने सांगितलं की तीच धाव वेगळी दिसते. त्याने धाव बदललेली नसते, तुम्हाला बघायला शिकवलेलं असतं.

माइकवाल्याने निकालाला हात लावला की मात्र बिनसतं. विजेच्या गाड्यांच्या फॉर्म्युला ईमध्ये 'फॅनबूस्ट' होतं. फोनवरून मतं द्या, ज्याला जास्त मतं त्याला शर्यतीत जादा ताकद. म्हणजे रिअॅलिटी शो. २०२३च्या हंगामाआधी ते बंद झालं. त्याच वर्षी ११ फेब्रुवारीला फॉर्म्युला ई हैदराबादला आली. भारतातल्या फोनसंख्येपुढे फॅनबूस्टचं काय झालं असतं, हे बघायची संधी तेवढी हुकली.

डिसेंबर २०२१

आता योसचा मुलगा. १२ डिसेंबर २०२१, अबुधाबी, हंगामाची शेवटची शर्यत. मॅक्स वर्स्टापेन आणि लुईस हॅमिल्टन, दोघांचे गुण ३६९.५. तो अर्धा गुणही प्रेक्षकांच्या फसवणुकीतून आलेला. ऑगस्टमध्ये बेल्जियमला पावसात लोक तासन्‌तास भिजत बसले, सेफ्टी कारमागे काही लॅप फिरवून शर्यत 'झाली' असं ठरवलं आणि अर्धे गुण वाटले.

अबुधाबीत हॅमिल्टन आरामात पुढे होता. ५८ पैकी ५३व्या लॅपला निकोलस लतीफीची गाडी भिंतीवर आदळली आणि सेफ्टी कार आली. मॅक्सने ताजे मऊ टायर घातले, हॅमिल्टन जुन्यावरच राहिला. दोघांच्या मध्ये एक लॅप मागे पडलेल्या पाच गाड्या होत्या. शर्यत संचालक मायकेल मासी यांनी फक्त त्या पाचांनाच पुढे काढलं, बाकीच्यांना नाही, आणि सेफ्टी कार नियमापेक्षा एक लॅप आधी आत बोलावली. एकच लॅप उरला. मॅक्सने ओव्हरटेक केलं, जगज्जेता झाला.

याहून मनोरंजक लॅप मी पाहिलेला नाही. याहून कडवट चवही नाही. शर्यत सेफ्टी कारमागे संपू नये, प्रेक्षकांना रेस मिळावी, ही इच्छा सगळ्या संघांची होती. पण ती पुरी करायला नियम त्या क्षणी वाकवला गेला. मासी पदावरून गेले. मार्च २०२२च्या एफआयएच्या अहवालाने मानवी चूक मान्य केली आणि निकाल कायम ठेवला. मॅक्सची त्यात काही चूक नव्हती, तो जिंकण्याइतका चांगला होताच. पण आजही ते विजेतेपद म्हटलं की लोक आधी मासींचं नाव घेतात.

योगायोग असा की चारच दिवसांनी, १६ डिसेंबरला, सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रात बैलगाडा शर्यतींना पुन्हा परवानगी दिली. २०१४ पासून त्या बंद होत्या. तिथला प्रश्न आणखी मूळचा होता, आपल्या मजेची किंमत कोण मोजतं? विजेचे झटके, टोचण्या, मार. राज्याच्या २०१७च्या कायद्याने घातलेल्या अटी पाळायच्या, जनावराला यातना द्यायच्या नाहीत, या बोलीवर शर्यती परतल्या आणि मे २०२३ मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठाने तो कायदा ग्राह्य धरला. होकेनहाइमची आग आणि पटावरची टोचणी, दोन्हींमागे एकच घाई आहे, खेळ लगेच रंगला पाहिजे.

मुळावर इलाज

२०२२ मध्ये एकदाचा हवेवर इलाज झाला. गाडीच्या पोटाखालून दाब मिळवायची जुनी कल्पना परत आली, या वेळी मागच्या गाडीला स्वच्छ हवा मिळावी म्हणून. फॉर्म्युला वनने दिलेले आकडे असे की जुनी गाडी पुढच्या गाडीपासून २० मीटरवर ३५ टक्के दाब गमवायची, नवी फक्त ४ टक्के. १० मीटरवर ४६ टक्क्यांऐवजी १८. खर्चाला मर्यादा आदल्या वर्षीच आली होती. गाड्या जवळ आल्या, झुंजी वाढल्या.

आणि पुढच्याच वर्षी रेड बुलने २२ पैकी २१ शर्यती जिंकल्या, १९ एकट्या मॅक्सने. याला काय करणार? काही नाही. एखादा फार चांगला निघाला तर तो जिंकणारच, हे गृहीत धरूनच खेळ बघायचा असतो. बाकीच्यांनी त्याला गाठण्यात जो वेळ जातो, तीसुद्धा गोष्टच आहे.

घाई मात्र सुटत नाही. २०२५ मध्ये मोनॅकोच्या अरुंद गल्ल्यांतली शर्यत रंगावी म्हणून प्रत्येकाला दोनदा टायर बदलायची सक्ती केली. काही संघांनी डोकं लढवलं. एका ड्रायव्हरने मुद्दाम हळू जाऊन सगळी रांग अडवायची, तेवढ्या फटीत दुसऱ्याने टायर बदलून यायचं. वेगाच्या शर्यतीत हळू जाणाऱ्याला फायदा. नियम लिहिणाऱ्याने पिटमधले थांबे मोजले आणि त्याला मिळाले तेवढे थांबेच मिळाले, शर्यत नाही.

तर इतिहास सांगतो तो एवढाच. गळतीची पात्रता फेरी, स्वच्छ हवा, माइकवरचा निवेदक, या गोष्टी टिकल्या, कारण त्यांनी धाव दिसायला सोपी केली. दुप्पट गुण, मतांची ताकद, रिकाम्या रस्त्यावरची पात्रता, नियम वाकवून मिळवलेला लॅप यांची करमणूक त्या दिवसापुरती होती, कारण त्यांनी निकालाला हात लावला. प्रेक्षकाला निकाल अनिश्चित हवा असतो, पण कुणी ठरवून अनिश्चित केलेला नको असतो. हा फरक पटावर उन्हात उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला कळतो, तो अब्जावधींच्या खेळाला पुन्हा पुन्हा शिकावा लागतो.

आपल्याकडे मात्र हा वाद रंगायच्या आधीच खेळ उठून गेला. २०११ ते २०१३, तीन शर्यती, तिन्ही वेटेलच्या. पहिल्या दिवशी स्टँडवर सुमारे ९५ हजार माणसं होती. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की शर्यतीच्या त्या तीन दिवसांपुरतं का होईना, हे सर्किट म्हणजे फॉर्म्युला वन कंपनीचं भारतातलं कायम ठिकाण होतं, म्हणून मिळकतीवर इथे कर लागतो. कर घेऊ नये असं मी म्हणत नाही. पण सात-आठ वर्षं खेळ की करमणूक यावर कागद रंगत राहिले, आणि त्या कागदांत तिकीट काढणारा माणूस कुठेच नव्हता.

तो माणूस संपला नाही. मुंबईचा जेहान दारूवाला २०२० मध्ये फॉर्म्युला टूची शर्यत जिंकणारा पहिला भारतीय ठरला. कोल्हापुरात मोहित्यांच्या ट्रॅकवर गो-कार्टिंग चालतं. आणि युरोपातली शर्यत असली की संध्याकाळी साडेसहाला कळमेश्वरच्या एमआयडीसीतून शिफ्ट सुटलेली पोरं चहाच्या टपरीवर एका फोनभोवती गोळा होतात. डेटा संपत आला तर दुसऱ्याचा हॉटस्पॉट. त्यांना फवारे नकोत, भोंगा नको, मत द्यायचं बटण नको. दोन गाड्या जवळ याव्यात, आणि जो पुढे जाईल तो स्वतःच्या जोरावर गेला एवढं पटावं. कराच्या पावतीवर हे काहीही म्हणून लिहा.